तळमजल्यावरून उडालेलं विमान

परदेशी जायचं हे टायमिंगरावांच्या घरी इतक्या झटकन ठरलं, की तेवढ्या वेळात एरवी त्यांच्याकडे भाजी कुठली करायची तेही ठरत नसे. बायको लेकीची, भिंगरीची, नखं कापत होती. डाव्या हाताची कापून झाल्यावर ती म्हणाली, "या सुट्टीत आपण परदेशी जाऊ या," आणि उजव्या हाताकडे वळली. टायमिंगराव वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसले होते. तिथूनच ते "हं" म्हणाले. नवऱ्यांच्या शब्दकोशात 'हं' म्हणजे 'ऐकलं नाही'. बायकांच्या शब्दकोशात 'हं' म्हणजे 'ठरलं'. आणि संसारात शब्दकोश कुणाचा चालतो हे काय सांगायला हवं? उजव्या हाताची नखं होईपर्यंत बायकोने आतल्या खोलीतल्या आपल्या वडिलांना हाक मारून बातमी सांगूनसुद्धा टाकली होती.

टायमिंगराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते शहराच्या बस डेपोत वेळापत्रकं बसवायचे. कुठली बस कुठल्या थांब्यावर कधी पोचेल हे ते टेबलाशी बसून ठरवत. (बस तेव्हा पोचत नसे, पण त्याला रस्ता जबाबदार, टायमिंगराव नव्हेत.) डेपोतल्या कंडक्टरांनी ठेवलेलं नाव वाटेत कुठेही न थांबता घरापर्यंत आलं. बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायची. समोरचा माणूस कितीही थरथरो, तिचा हात हलत नसे, आणि घरीही तीच सवय होती. सासरे त्यांच्याकडेच राहायचे. आयुष्यभर बँकेच्या तिजोरीच्या किल्ल्या सांभाळल्यामुळे गंमत कुठली आणि जबाबदारी कुठली यांतला फरक त्यांना कळेनासा झाला होता. ते सगळंच जबाबदारीने करायचे. आणि भिंगरी. वय वर्षं साडेचार. बसणे नावाची एक क्रिया असते, हे तिला फक्त ऐकून माहीत होतं. जेवताना तिचा पहिला घास टेबलापाशी असे, दुसरा सोफ्यावर आणि तिसरा पलंगाखाली.

देश कुठला, या प्रश्नावर मात्र घोडं अडलं. बायको एखादा देश सुचवायची आणि टायमिंगराव त्यावर भिंगरीला पुढे करायचे.

"तिथे ज्वालामुखी आहे."

"विझलेला आहे."

"भिंगरी वाकून बघेल."

वाळवंटाचा देश निघाला, तर भिंगरी वाळू खाईल. जुन्या राजवाड्यांचा निघाला, तर भिंगरी राजाच्या पलंगावर उड्या मारेल आणि आपल्याला तुरुंगात टाकतील. कालव्यांच्या शहरात तर ती पडणारच, आणि तिला काढायला आपण उडी मारली तर आपल्याला पोहता कुठे येतं? हळूहळू पृथ्वीच्या पाठीवर साडेचार वर्षांच्या मुलीला नेण्याजोगा देशच उरेना. शेवटी दोनच राहिले. एक बायकोचा, बर्फाचा. तिथे जायचं विमान सकाळी निघून दिवेलागणीला पोचायचं. दुसरा टायमिंगरावांचा. ते एक छोटं बेट होतं, इतकं जवळ की विमान वर गेलं की लगेच खाली यायचं. घरात त्यांना 'बर्फ' आणि 'बेट' अशीच नावं पडली.

खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती टायमिंगरावांनी आजवर कुणालाच सांगितली नव्हती. त्यांना विमानाची भीती वाटायची. ते विमानात कधी बसले नव्हते, त्यामुळे ही भीती अगदी ताजी, न वापरलेली होती. दार बाहेरून बंद होणार, आपण आत, खाली काहीच नाही, आणि 'पुढच्या थांब्यावर उतरतो' असं म्हणायची सोय नाही. अठरा वर्षं थांबे मोजण्यात घालवलेल्या माणसाला थांबाच नसलेली गाडी कशी मानवावी?

एका संध्याकाळी तिघं ट्रॅव्हलवालीच्या ऑफिसात गेली. ट्रॅव्हलवाली समजूतदार होती. तिने भिंतीवरच्या चकचकीत पुस्तिका खाली काढल्या नाहीत, कारण भिंगरीने त्या आधीच काढल्या होत्या.

"लहान मूल बरोबर असलं की देश बघायचाच नाही," ती म्हणाली. "मूल एका जागी किती वेळ बसतं ते बघायचं आणि तेवढ्या अंतरावरचा देश घ्यायचा."

टायमिंगरावांनी भिंगरीकडे पाहिलं. ती फिरत्या खुर्चीत पोटावर झोपून गरगर फिरत होती. इतक्या प्रेमाने त्यांनी मुलीकडे बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

घरी येताना ते म्हणाले, "आमच्या डेपोत नवा मार्ग सुरू करायचा झाला, की आधी रिकामी गाडी फिरवून बघतात. आपणही बघू. घरातच. खुर्च्या मांडू, पट्टे बांधू, बर्फाला लागतो तेवढा वेळ बसू. भिंगरी बसली तर बर्फ. उठली तर बेट."

"नियम सगळ्यांना सारखे?" बायकोने विचारलं.

"अर्थात."

"ठीक आहे," बायको म्हणाली. ती इतक्या लवकर 'ठीक आहे' म्हणाली तेव्हाच टायमिंगरावांनी सावध व्हायला हवं होतं. पण गाडी उताराला लागली की ब्रेक आठवत नाही.

रविवारी सकाळी हॉलमधला सोफा भिंतीला लागला आणि जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या रांगेत आल्या. टायमिंगरावांनी कामात कसर ठेवली नाही. न्हाणीघराच्या दारावर 'प्रसाधनगृह' असा कागद चिकटवला. हॉलच्या मोठ्या खिडकीला गज नव्हते, म्हणून तिच्यावर ठळक अक्षरांत 'आपत्कालीन दरवाजा' असं लिहिलं. सीटचे पट्टे कुठून आणायचे हा प्रश्न होता, तो घरातल्या सगळ्या कमरपट्ट्यांनी सोडवला. एक पट्टा कमी पडला, तेव्हा टायमिंगरावांनी पँटचा काढून दिला.

सासरे इस्त्रीचा शर्ट, बूट आणि हातात बॅग अशा थाटात आले. "जावईबापू, मला खिडकीजवळची जागा," ते म्हणाले, आणि आपत्कालीन दरवाजाला लागून बसले. त्यांच्या शेजारी टायमिंगराव, त्यांच्या शेजारी भिंगरी. सगळ्यांच्या पुढे, पाठ करून, बायको. ती पायलट होती. विमान चालवण्यासाठी तिने एक जाडजूड कादंबरी, उशी आणि थर्मासभर चहा घेतला होता.

टायमिंगरावांनी भिंगरीला नियम समजावले. विमान उडालं की उतरता येत नाही, उठलं तर ढगातून खाली पडतो. दार उघडता येत नाही. बाहेरचं कुणी आत येऊ शकत नाही, कारण बाहेर ढग असतात. हे सगळं त्यांनी मुद्दाम फार कडक आवाजात सांगितलं. कडक आवाजात सांगितलेली कुठलीच गोष्ट भिंगरीने आजवर ऐकलेली नव्हती.

बायकोने मोबाइल गोळा करून डब्यात टाकले, मुख्य दाराला आतून कडी घातली आणि विमान उडवलं.

भिंगरी बसली.

पहिली काही मिनिटं टायमिंगराव गालातल्या गालात हसत होते. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग भिंगरीकडे. ती ताठ बसली होती, हात मांडीवर, नजर समोर. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कुणीतरी पटेल असं कारण दिलं होतं. 'शहाण्या मुली बसतात' हे तिला कधीच पटलं नव्हतं. 'उठलीस तर ढगातून खाली पडशील' हे मात्र लगेच पटलं.

"भिंगरी," टायमिंगराव कुजबुजले, "गॅलरीत चिमण्या आल्यात बघ."

"बाबा, आपण ढगात आहोत. इथे चिमण्या येत नाहीत."

"तुझा चेंडू तिकडे पडलाय."

"उतरल्यावर घेईन."

सासरे खिडकीबाहेर बघत होते. समोरच्या इमारतीत एक बाई कपडे वाळत घालत होती. "कमाल आहे," ते म्हणाले. "इतक्या उंचीवर."

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. वॉशिंग मशीनवाला मेकॅनिक आला होता. गेले कित्येक दिवस तो 'उद्या येतो' म्हणत होता, आणि मशीन पोटात पाणी आणि कपडे घेऊन तसंच उभं होतं. टायमिंगरावांना तो देवासारखा वाटला. ते पट्टा सोडायला लागले.

"बाबा, दार उघडलंस तर आपण सगळे बाहेर उडून जाऊ," भिंगरी म्हणाली.

"प्रवाशांनी जागेवर बसावं," कादंबरीतून डोकं वर न काढता पायलट म्हणाली.

"साहेब, मशीन बघायला आलोय," बाहेरून आवाज आला.

सासऱ्यांनी जबाबदारी घेतली. "आम्ही हवेत आहोत," त्यांनी दाराकडे तोंड करून सांगितलं. "उतरल्यावर या."

मेकॅनिकने आपल्या धंद्यात बरीच घरं पाहिली असावीत. "कधी उतरणार?" त्याने विचारलं.

"दिवेलागणीला," टायमिंगरावांच्या तोंडून सवयीने निघून गेलं. कुणी गाडी कधी पोचणार असं विचारलं की ते झोपेतसुद्धा उत्तर देत.

"मग मला पुढच्या महिन्यातच जमेल," मेकॅनिक म्हणाला, आणि त्याच्या चपला दारापुढच्या दोन पायऱ्या उतरत गेल्या.

तो आवाज विरला आणि टायमिंगरावांना कसंसंच झालं. इतका वेळ ते भिंगरीवर नजर ठेवून होते, आता त्यांची नजर दारावर गेली. दार बंद होतं. ते रोजच बंद असायचं, पण आज ते फारच बंद वाटत होतं. हॉल सकाळपेक्षा लहान झाला होता. छत खाली आलं होतं. त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. मग दुसरं.

"जरा खिडकी उघडा," ते सासऱ्यांना म्हणाले.

"विमानाची खिडकी उघडत नाही, जावईबापू."

"हवा कमी पडतेय."

"बाहेर तर त्याहून कमी असेल."

ते परवानगी काढून प्रसाधनगृहात गेले. ती जागा हॉलहून लहान निघाली, म्हणून धावतच परत आले. दुपारी पायलटनेच जेवणाचे ट्रे आणले. भिंगरीने आपला ब्रेड आणि अंडं एका जागी बसून, एकही कण न सांडता संपवलं, वर रुमालाने तोंड पुसलं. सासऱ्यांनी दुसऱ्यांदा मिळेल का असं विचारलं. टायमिंगरावांनी आपला ट्रे तसाच त्यांच्याकडे सरकवला. आपण आपल्याच घरात, तळमजल्यावर, जेवणाच्या खुर्चीवर बसलो आहोत, हे त्यांनी स्वतःला अनेकदा समजावून सांगितलं. बुद्धीला ते पटत होतं. गुडघ्यांना पटत नव्हतं.

आणि मग वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने पलंग सरकवला.

छत गडगडलं, दिव्याचं झुंबर डुलायला लागलं, शोकेसमधले कप एकमेकांवर किणकिणले. पायलटने पान उलटलं आणि सांगितलं, "पुढे हवामान खराब आहे. पट्टे घट्ट करा."

भिंगरीने टायमिंगरावांचा हात धरला. "बाबा, घाबरू नकोस. असं होतं कधीकधी. मोठा श्वास घे."

टायमिंगरावांनी श्वास घेतला. वर पलंग पुन्हा सरकला. त्यांनी घेतलेला श्वास तिथेच टाकला, पट्टा सोडला आणि ते उठले. डोक्यात एकच होतं, बाहेर. पण दार तर हवेत उघडायचं नसतं, हे त्यांनीच सांगितलेलं. समोर त्यांच्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं दिसलं, 'आपत्कालीन दरवाजा'. माणूस घाबरला की सूचना पाळतो. त्यांनी सासऱ्यांच्या मांडीवर एक पाय दिला, खिडकी ढकलून उघडली, दुसरा पाय चौकटीवर टाकला आणि कमरेपर्यंत बाहेर गेले.

इथे सासऱ्यांचं कर्तव्य सुरू झालं. "माणूस पडतोय," असं म्हणून त्यांनी जावयाचे दोन्ही पाय घट्ट धरले. इतकी वर्षं त्यांनी दुसऱ्यांची ठेव सांभाळली होती, आपल्या लेकीचा नवरा ते थोडाच हातचा जाऊ देणार होते.

"सोडा," बाहेरून टायमिंगराव म्हणाले.

"सोडणार नाही."

"अहो, खाली कुंड्या आहेत."

"खाली समुद्र आहे. धीर धरा."

याच वेळी मेकॅनिक परत आला. त्याची अवजारांची पिशवी दारापाशी राहिली होती. इमारतीच्या बाजूने येताना त्याला खिडकीतून अर्धे बाहेर आलेले, तोंड लालबुंद झालेले साहेब दिसले.

"लवकर उतरलात," तो म्हणाला.

"ओढ मला."

मेकॅनिकने काखेत हात घालून ओढलं. आतून सासऱ्यांनी ओढलं. टायमिंगराव मध्ये होते. त्यांच्या पँटचा पट्टा मात्र आत, खुर्चीला बांधलेला होता, हे दोन्हीकडच्या मंडळींच्या लक्षात आलं नाही. त्यामुळे थोड्या वेळाने दोघंही जिंकले. सासऱ्यांना पँट मिळाली, मेकॅनिकला टायमिंगराव.

समोरच्या इमारतीतली कपडे वाळत घालणारी बाई काम थांबवून बघत राहिली. टायमिंगराव कुंड्यांच्या मधोमध पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत उभे होते. त्यांनी तिला नमस्कार केला. अशा वेळी दुसरं काय करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

ते मुख्य दाराशी आले आणि त्यांनी बेल वाजवली.

"कोण आहे?" आतून भिंगरी.

"मी. बाबा."

"बाबा विमानातून पडला," भिंगरी म्हणाली. "बाहेर कुणी नसतं. बाहेर ढग असतात."

"अगं, दार उघड ना," टायमिंगरावांनी बायकोला विनवलं.

दाराच्या फटीजवळ बायकोचा आवाज आला. दबका, पण शांत. "अहो, मी उघडलं असतं. पण ती जन्मल्यापासून पहिल्यांदा इतका वेळ एका जागी बसलीय. आणि माझी शेवटची काही पानं राहिलीत. तुम्ही बसा ना जरा बाहेर."

सासऱ्यांनी खिडकीतून पँट खाली टाकली. सोबत बिस्किटाचा पुडाही टाकला, कारण जगण्यासाठी लागणारं सामान टाकायचं असतं असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

टायमिंगराव पायरीवर बसले. मेकॅनिकही बसला, कारण बिस्किटं होती. ऊन उतरायला लागलं. येणारे जाणारे शेजारी "काय, बाहेर?" असं विचारायचे, आणि टायमिंगराव "हो, जरा लवकर उतरलो" असं सांगायचे. खोटं बोलले असं कुणी म्हणू शकत नव्हतं.

"मला शिडीवर चढलं तरी गरगरतं," मेकॅनिक बिस्किट खात म्हणाला. "म्हणून पंखे सोडले आणि वॉशिंग मशीन धरलं. जमिनीवर असतं."

हे ऐकून का कोण जाणे, टायमिंगरावांना जे कुणालाच सांगता आलं नव्हतं ते त्यांनी या माणसाला सांगून टाकलं. विमान, दार, न थांबणारी गाडी, सगळं. सांगताना आवाज जरा वरच लागला असावा. कारण दिवेलागणीला विमान उतरलं, दार उघडलं, आणि बायको त्यांच्या शेजारी पायरीवर येऊन बसत म्हणाली, "ऐकलं मी. पण मला आधीपासूनच माहीत होतं."

"कधीपासून?"

"लिफ्टमध्ये तुम्ही डोळे मिटता. मला वाटायचं, कधीतरी स्वतःहून सांगाल. तुम्ही मात्र बिचारीला ज्वालामुखीत ढकलत राहिलात."

टायमिंगरावांनी बिस्किटाच्या रिकाम्या पुड्याची नीट घडी घातली. आतून भिंगरीच्या पळण्याचा आवाज येत होता. ती साऱ्या दिवसाचं पळणं एकदम उरकत होती.

"बेटावर जाऊ या," बायको म्हणाली. "जवळ आहे. मी हट्ट नाही करणार."

इथे टायमिंगराव गप्प बसले असते तर गोष्ट इथेच संपली असती. पण बायको समजुतीने वागली की नवऱ्याला पराक्रम सुचतो. "नाही," ते म्हणाले. "ठरलंय ते ठरलंय. ती बसली. बर्फ."

निघायचा दिवस आला. विमानात शिरताना त्यांनी दाराची कड इतकी घट्ट धरली, की मागची रांग खोळंबली. भिंगरीने त्यांना हाताला धरून आत नेलं, मधल्या सीटवर बसवलं, पट्टा लावून दिला. दार बंद झालं. टायमिंगरावांची नजर आपत्कालीन दरवाजा शोधायला लागली.

तेवढ्यात हवाईसुंदरी आली. तिकीट काढताना बायकोने 'सोबत लहान मूल' असं कळवलं होतं, म्हणून तिने चित्रं रंगवायचं पुस्तक आणि खडूंची डबी आणली होती. भिंगरीने ती घेतली, एकदा बाबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळं त्यांच्या मांडीवर ठेवलं. "तू हत्ती कर," ती म्हणाली. "रेषेच्या बाहेर जाऊ नकोस."

टायमिंगरावांनी हत्ती करायला घेतला. हत्ती मोठा होता. सोंडेपाशी आले तेव्हा विमान उडालं होतं, हे त्यांना कळलंही नाही. हत्तीनंतर जिराफ झाला, मग आगबोट, मग मोराची जोडी. मोराच्या पिसाऱ्यात निळा कमी पडला, तेव्हा त्यांनी बेल दाबून आणखी एक निळा खडू मागवला. शेजारी बायको नवी कादंबरी वाचत होती. पुढच्या रांगेत सासरे इस्त्रीच्या शर्टात, खिडकीजवळच्या जागेवर, जबाबदारीने बसले होते. भिंगरी खिडकीला नाक लावून बसली होती आणि अधूनमधून पुस्तकात डोकावून "छान" म्हणत होती.

दिवेलागणीला विमान उतरलं. माणसं उठली, बॅगा खाली आल्या, रांग पुढे सरकत संपली. खिडकीबाहेर सगळीकडे बर्फ पसरला होता.

"अहो, चला," बायको म्हणाली.

"एक मिनिट," टायमिंगराव जीभ दातांत धरून म्हणाले. "झेब्र्याचा एक पाय राहिलाय."

हवाईसुंदरी येऊन उभी राहिली. तिने खाली वाकून, पाय रंगवणाऱ्या टायमिंगरावांकडे कौतुकाने पाहिलं आणि भिंगरीला विचारलं, "पहिल्यांदाच विमानात बसलेत का?"

"हो," भिंगरी म्हणाली. "पण अजिबात रडला नाही."